व्हिडिओ सारखा अडकतो? टीव्हीपासून खिडकीपर्यंत काय काय तपासायचं

तुमच्या घरी खालच्यापैकी नेमकं काय होतं, ते आधी ओळखा. आपण सगळ्याला ‘नेट स्लो आहे’ असं एकच नाव देतो, पण ही वेगवेगळी दुखणी आहेत.

– चित्र थांबतं, मधोमध गोल फिरत राहतं, मिनिटभर चालतं आणि पुन्हा थांबतं.
– चित्र थांबत नाही, पण धुरकट होतं. स्कोअरचे आकडे वाचता येत नाहीत. थोड्या वेळाने आपोआप स्वच्छ होतं.
– आवाज अखंड चालू असतो, चित्र मात्र झटके देत सरकतं.
– सिनेमा नीट चालतो, पण व्हिडिओ कॉल लावला की आवाज तुटतो.
– रेकॉर्ड केलेलं सगळं चालतं. मॅच किंवा पंढरपूरचं लाइव्ह दर्शन लावलं की अडकतं.
– हॉलमध्ये छान, आतल्या खोलीत नुसतं गोल.
– साधी गाणीसुद्धा मध्येच बंद पडतात.
– दिवसभर ठीक, संध्याकाळ झाली की बिघडतं.

एक गोष्ट मात्र बिघाड नाही. शेजारी डिशवर मॅच बघत असतील आणि तुम्ही नेटवर, तर विकेटची आरोळी भिंतीपलीकडून आधी येणार. नेटवरचं लाइव्ह पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त मागे चालतं. त्यासाठी तक्रार नोंदवू नका. घरी येऊन कुणालाही ते दुरुस्त करता येत नाही.

मी सांगलीत घरोघरी फायबर (प्रकाशावर चालणारी नेटची काचेची वायर) जोडण्याचं आणि तक्रारी सोडवण्याचं काम करतो. आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढल्या, मग लॅनच्या निळ्या वायरी, आता फायबर. वायर बदलत गेली, तक्रार तीच राहिली: ‘मध्येच अडकतं.’ इतक्या घरांतून हेच दुखणं पाहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. दोष बहुतेक वेळा घराच्या आतच सापडतो, आणि तो कधी होतो हे नीट टिपलं तर कुठे आहे हे अर्धं तरी कळतं. खालच्या तपासण्या सोप्या-फुकटपासून अवघड-खर्चिकपर्यंत लावल्या आहेत. क्रम मोडू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि व्हिडिओ चालू झाला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि आठवड्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी हे समजून घ्या

नेटवरून येणारा व्हिडिओ म्हणजे सलग धार नव्हे. सर्व्हरवर त्याचे दोन ते दहा सेकंदांचे तुकडे करून ठेवलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा हलक्या ते भारी अशा अनेक दर्जांत तयार असतो. तुमचा टीव्ही एकेक तुकडा मागवतो, थोडा साठा करतो आणि त्या साठ्यातून दाखवत राहतो. गच्चीवरच्या टाकीसारखंच. नळाला पाणी सकाळी तासभर येतं, पण मोरीतला नळ दिवसभर चालतो, कारण टाकी भरलेली असते. या साठ्यालाच बफर म्हणतात. टाकी रिकामी झाली की गोल फिरायला लागतं. टाकी उतरायला लागली आहे हे टीव्हीच्या लक्षात आलं, तर तो स्वतःहून हलक्या दर्जाचे तुकडे मागवतो. चित्र धुरकट होतं ते त्यामुळे.

लाइव्हमध्ये ही टाकी छोटी असते. जे अजून घडलंच नाही ते साठवणार कसं? म्हणून सिनेमा चालतो त्याच लाइनवर मॅच अडकते. व्हिडिओ कॉलला तर टाकी जवळजवळ नसतेच, थेट मोटरचं पाणी. क्षणभर खंड पडला की आवाज तुटला. तेव्हा सिनेमा चालत असेल आणि कॉल तुटत असेल, तर तुमच्या लाइनला वेग आहे, सातत्य नाही. वेगाचा प्लॅन वाढवून हे दुखणं जात नाही. ‘१०० चा प्लॅन २०० चा करू का?’ असं मला रोज कुणीतरी विचारतं आणि मी जवळजवळ रोज ‘थांबा’ म्हणतो.

कारण लागतं तरी किती? यूट्यूबवर ४८० पी चित्राला साधारण १.१ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, नेटचा वेग मोजायचं माप), ७२० पीला अडीच, १०८० पीला ५ आणि ४ केला २० एमबीपीएस पुरतात. नेटफ्लिक्स ४ केसाठी १५ सांगतं. गाण्याचा नेहमीचा भारी दर्जा ३२० केबीपीएसचा, म्हणजे एक एमबीपीएसचा जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणून डेटा शिल्लक असूनही गाणी तुटत असतील, तर प्रश्न वेगाचा नाहीच. लाइन मध्येच पूर्ण बंद पडते आहे. एवढं कळलं तरी निम्मी तपासणी वाचते.

वही, पेन आणि दोन दिवस

पहिल्या तपासणीला पैसे लागत नाहीत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या-त्या तारखेच्या चौकोनात, अडकलं की वेळ लिहा. सोबत एकच शब्द: कुठे (हॉल, आतली खोली) किंवा काय (लाइव्ह, सिनेमा). दोन-तीन दिवस पुरे.

रोज साधारण नऊ ते अकरा या वेळात बिघडत असेल तर बाहेरच्या लाइनवर गर्दी असू शकते. जेवण गरम करताना बिघडत असेल तर मायक्रोवेव्हकडे बघा. पावसात बिघडत असेल तर बाहेरचा जोड. वेळेला काहीच धरबंध नसेल तर अडॅप्टर किंवा सैल पिन. मी कुणाच्याही घरी गेलो की आधी वेळा विचारतो, आणि ज्यांच्याकडे लिहिलेल्या असतात त्यांच्याकडे माझं काम पाव वेळेत होतं.

एकाच ठिकाणी की सगळीकडे?

टीव्हीवर अडकलं की त्याच क्षणी, त्याच खोलीत, त्याच वायफायवर फोनमध्ये तोच व्हिडिओ लावा. मोबाइल डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन गुपचूप सिमवरून चालेल आणि तुमची फसगत होईल. फोनवर चालला तर लाइन निर्दोष, संशय टीव्हीवर. मग टीव्हीवरच दुसरं ॲप लावून बघा. एकच ॲप अडकत असेल तर ते अपडेट करा, त्याचा साठलेला कॅशे पुसा. फोनमध्ये कुणी व्हीपीएन चालू ठेवलं असेल तर ते बंद करा. त्यामुळे तुकडे जवळच्या सर्व्हरवरून यायचे ते लांबून वळसा घालून येतात.

टीव्हीच्या मागे लावायची स्टिक असेल तर आणखी एक गोष्ट. पुष्कळ जण तिची वायर टीव्हीच्याच यूएसबी भोकात खुपसतात. साध्या यूएसबी २ भोकातून अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला कामाच्या वेळी जास्त लागतो. मग ती मध्येच दमते, कधी आपोआप बंद होऊन चालू होते. तिच्यासोबत आलेला अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. किती घरांत एवढ्यावरच काम झालंय!

बंद-चालू, पण नीट

राउटर बंद करून लगेच चालू केला तर उपयोग होत नाही. फायबरचा बॉक्स (बाहेरून आलेली फायबर ज्याला जोडलेली असते तो), राउटर, टीव्ही तिन्हींची वीज काढा, अर्धा मिनिट थांबा. मग आधी फायबरचा बॉक्स लावा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं द्या, मग राउटर, शेवटी टीव्ही. क्रम अशासाठी, की राउटर आधी जागा झाला आणि समोर लाइनच नसली, तर काही राउटर जोडणी न करताच अडून बसतात. रिमोटने टीव्ही ‘बंद’ करणं मोजू नका, तो फक्त झोपतो, प्लग काढा.

याने बरं वाटलं तर चांगलंच. पण रोज किंवा दिवसाआड हे करावं लागत असेल, तर तुम्ही दुखणं दाबताय. पुढे वाचा.

इथेच एक कळकळीची विनंती. राउटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात पिन घालून दाबलं की तो ‘रिसेट’ होतो. ते करू नका. बंद-चालू वेगळं आणि रिसेट वेगळं. रिसेटने तुमच्या जोडणीचं युजरनेम, पासवर्ड, सगळी सेटिंग पुसली जातात, आणि अडकणाऱ्या नेटच्या जागी नेटच उरत नाही.

डेटा उरलाय का?

हे विचारताना लोकांना राग येतो, तरी बघाच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवत असाल आणि प्लॅन रोज १.५ जीबीचा असेल, तर १०८० पी दर्जाने तो चाळीस मिनिटांत संपतो. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात गाणंसुद्धा धड चालत नाही. घरच्या फायबरलाही महिन्याची मर्यादा असते. तासाभराच्या १०८० पी व्हिडिओला सव्वादोन जीबी धरा आणि घरातली माणसं मोजा. महिनाअखेरीलाच बिघडतं, एक तारखेला सुधारतं, असं असेल तर उत्तर मिळालं.

आणि एक घोळ इथेच मिटवून टाका. प्लॅनवर लिहितात ते मेगाबिट, फाइल उतरवताना कॉम्प्युटर दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. १०० च्या प्लॅनवर फाइल साडेअकरा-बाराच्या वेगाने उतरत असेल, तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय. कुणी फसवलेलं नाही.

स्पीड टेस्ट: दोन जागी उभं राहून

फोनच्या ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा. ते नेटफ्लिक्सचं आहे आणि त्यांच्याच व्हिडिओ सर्व्हरवरून वेग मोजतं, म्हणून आपल्या कामाला बरं. एकदा राउटरपासून दोन हातांवर उभं राहून मोजा, एकदा टीव्हीशेजारी. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

राउटरपाशी ९० आणि टीव्हीपाशी ६ आले, तर मला फोन करून उपयोग नाही. लाइन तुमच्या दारापर्यंत पूर्ण वेगाने येते आहे, ती हवेत हरवते आहे. राउटरपाशीच ६ आले, तर पुढच्या दोन तपासण्या सोडून थेट अडॅप्टरवर या. एका जागी एकदाच मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. दोन आकड्यांतला फरक बोलतो.

यूट्यूब असेल तर त्याहून नेमकी सोय त्यातच आहे. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाचा पर्याय असतो. तो लावला की चित्रावर बारीक अक्षरांची चौकट येते. तीत ‘बफर हेल्थ’समोर सेकंद दिसतात: टाकीत किती पाणी आहे ते. तो आकडा हळूहळू शून्याकडे उतरत असेल तर नेटचा दोष. तो चाळीस-पन्नासवर निवांत असूनही चित्र झटके देत असेल, तर नेटला दोष देऊ नका, टीव्हीलाच ते चित्र उलगडायला झेपत नाहीये. शेजारी ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा चढताना दिसेल. अशा वेळी दर्जा एक पायरी खाली आणा, टीव्हीतली न वापरलेली ॲप काढा. जुन्या, कमी मेमरीच्या टीव्हीवर याहून जास्त काही होत नाही. नवी स्टिक लावणं स्वस्त पडतं.

राउटर कुठे ठेवलाय?

मी पाहिलेल्या जागा सांगतो: लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवून, शोकेसमध्ये आरशाच्या काचेमागे, फ्रीजच्या वर, माळ्यावर पितळी भांड्यांत. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. धातू त्या परतवतो, पाणी शोषून घेतं, आरशामागचा मुलामाही धातूचाच. सळ्यांच्या आरसीसी भिंतीपलीकडे त्या निम्म्याहून क्षीण होतात आणि जुन्या वाड्यांच्या दोन फुटी दगडी भिंतीत जवळजवळ संपतात. राउटर घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, मोकळा ठेवा. फायबर जिथून आत आली तिथेच राउटर असला पाहिजे असं नाही; बॉक्स आणि राउटर वेगळे असतील तर मध्ये लॅनची लांब वायर टाकता येते.

राउटर बहुधा दोन नावांनी वायफाय देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतीतून बरा जातो, पण त्यावर शेजारपाजारच्या सगळ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची गळती एकत्र असते. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, वेग जास्त, पण एक-दोन भिंतींतच तो दमतो. म्हणून टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर त्याला ५ वर जोडा. लांबच्या खोलीला २.४ ठेवा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये सगळे एकाच चॅनेलवर बसले असतील तर सेटिंगमध्ये जाऊन बदलून बघा. हे जमत नसेल तर मला किंवा तुमच्या लाइनवाल्याला फोनवर विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

बाजारातला स्वस्त रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घाईने आणू नका. एकाच बँडवरचा, म्हणजे नुसत्या २.४ वर चालणारा रिपीटर त्याच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. तोही सिग्नल क्षीण असलेल्या खोलीतच लावला तर क्षीण सिग्नलच पुढे पाठवणार.

खरा उपाय म्हणजे वायर. टीव्हीला मागे लॅनचं भोक असतं. पंधरा-वीस मीटर कॅट ५ ई वायर, दोन टोकांना पिना, भिंतीच्या कडेने नेऊन जोडा. पुष्कळ टीव्हींचा लॅन १०० एमबीपीएसचाच असतो, पण काळजी नको: ४ केलाही पंचवीसच्या आतच लागतात. निदान तपासणीपुरती तरी एकदा वायर लावून संध्याकाळ काढा. वायरवर अडकलं नाही तर दोष हवेतला, हे सिद्ध झालं.

घरात अजून कोण ओढतंय?

संध्याकाळी सगळे घरी येतात, फोन वायफायला जोडले जातात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढायला लागतात. क्लाउडवर साठवणारे सीसीटीव्ही तर चोवीस तास चढवत असतात. लोक म्हणतात, चढवण्याचा उतरवण्याशी काय संबंध? आहे. प्रत्येक तुकडा मिळाला की ‘मिळाला, पुढचा पाठवा’ अशी पोच तुमच्या घरून उलट जाते. वर जाणारा रस्ता भरलेला असला की पोच अडकते आणि येणारे तुकडेही थांबतात. अर्धा तास सगळ्यांचे बॅकअप आणि कॅमेरे बंद ठेवून टीव्ही लावा. फरक पडला तर बॅकअप रात्री दोनला लावा, कॅमेऱ्यांचा दर्जा कमी करा. वायफायचा पासवर्ड वर्षानुवर्षं तोच असेल तर बदलाही. किती फोन जोडलेले आहेत ते बघितलं की कळेल का ते.

अडॅप्टर

याला कुणी विचारतच नाही, आणि मला हा दोष सगळ्यात जास्त छळतो. राउटरचा अडॅप्टर दोन-तीन वर्षं चोवीस तास तापत असतो. आतले कपॅसिटर सुकतात. लेबलवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण भार पडला की तो अकराच्याही खाली घसरतो. राउटर बंद पडत नाही, दिवे लागलेले दिसतात, पण संध्याकाळी पाच-सहा उपकरणं जोडली गेली की तो मध्येच स्वतःला पुन्हा चालू करतो. तुम्हाला दिसतं ते एवढंच: दोन मिनिटं गोल, मग सगळं आपोआप ठीक.

हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नाही. पिन हलवली की दिवे विझतात का बघा. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ड्रॉवरमध्ये सापडलेला दुसऱ्या कशाचा तरी अडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका. ९ व्होल्टच्या राउटरला १२ लावून जळालेले राउटर मी उचलून आणले आहेत. दोन-तीनशे रुपयांत चांगला मिळतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस लावला असेल तर तो काही दिवस मधून काढून बघा. त्याची बॅटरी उतरली की तोही हाच त्रास देतो.

पिंग: लाइनची नाडी

लॅपटॉप असेल तर ही तपासणी करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पिंग, मग वजा चिन्ह आणि एन, मग १००, मग राउटरचा पत्ता टाका. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या खालच्या लेबलवर लिहिलेला. शंभर हाका मारल्या जातील, प्रत्येकीचं उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते दिसेल. घरातल्या राउटरचं उत्तर एक ते दहाच्या आत, सारखं यायला हवं. मध्येच २००, ३०० येत असतील किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसत असेल, तर दोष तुमच्या वायफायचा, राउटरच्या अलीकडचा.

आता हेच ८.८.८.८ या पत्त्यावर करा. तो गूगलचा आहे, घराबाहेरचा. राउटरची नाडी सारखी आणि बाहेरची अडखळत, तर दोष राउटरच्या पलीकडचा. शंभरांतली दोन-तीन उत्तरं हरवली तरी कॉल तुटतो, सिनेमाला कदाचित कळणारही नाही.

डीएनएस बदला असा सल्ला पुष्कळ जण देतात. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधणं. व्हिडिओ सुरूच व्हायला वेळ लागत असेल तर बदलून बघायला हरकत नाही. चालू व्हिडिओ मध्येच थांबतो त्यावर हा उपाय नव्हे.

फायबर: इथे फक्त बघायचं, हात लावायचा नाही

फायबरच्या बॉक्सवर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला किंवा अधूनमधून लुकलुकला, तर प्रकाश पोचत नाहीये. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा हवा. बॉक्सच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडाही दिसतो, त्याला आम्ही ‘पॉवर’ म्हणतो. तो उणे आकड्यात असतो: मायनस १५ ते मायनस २५ मध्ये असला की निर्धास्त, मायनस २७-२८ च्या पुढे गेला की तारांबळ.

गेल्या वर्षी पावसाळा संपताना विश्रामबागेतल्या एका घरून पंधरा दिवसांत चौथी तक्रार आली. आमची माणसं तीनदा दुपारी जाऊन आली होती, तिन्ही वेळा सगळं ठीक. काकू वैतागल्या होत्या. ‘अरे, तुमचा माणूस असतो तोवर सगळं सुरळीत. दिवेलागण झाली की पुन्हा तेच.’ पण त्यांनी कॅलेंडरवर वेळा लिहिल्या होत्या: ६:२०, ६:१५, ६:३०, ६:२०. फक्त रविवार कोरा होता. रविवारी ते दोघं मिरजेला लेकीकडे गेले होते.

संध्याकाळची गर्दी म्हणावी तर ती साडेसहाला नसते. म्हणून मी सहा वाजताच जाऊन बसलो, लॅपटॉपवर बॉक्सचं पान उघडून. पॉवर मायनस २१, उत्तम. काका बातम्या बघत होते. सव्वासहाच्या सुमारास काकू उठल्या, ‘डास येतात रे’ म्हणत हॉलची स्लायडिंग खिडकी ओढून घेतली, आणि मी पान ताजं केलं तर मायनस २८. लॉसचा दिवा लुकलुकला, टीव्हीवर गोल सुरू. मी म्हटलं, ‘काकू, खिडकी जरा उघडा.’ मायनस २१. पुन्हा बंद. मायनस २८. काका खुर्चीतून उठून खिडकीपाशी आले.

वायर ओढणाऱ्याने ड्रिलचा त्रास वाचवायला फायबर खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेतली होती. सरकणारी चौकट बंद झाली की रुळात तिला दाबून दुमडत होती. फायबर तुटली नव्हती, पण तिच्या आतली काच जास्त वाकली की प्रकाश वळणावर बाहेर गळतो. मायनस २१ चे मायनस २८ झाले, म्हणजे सात डेसिबल (पॉवरचं माप) गेले आणि प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला. दुपारी खिडकी उघडी, म्हणून आमच्या माणसांना काहीच सापडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भिंतीत भोक पाडून वायर वेगळी घेतली, दबलेला तुकडा कापून नवा जोड मारला.

म्हणून तुमच्या घरी फायबर कुठून कुठे जाते ते एकदा डोळ्यांनी बघत जा. खिडकीत, दाराच्या फटीत, सोफ्याच्या पायाखाली, खिळ्याला करकचून बांधलेली? जास्तीची वायर बांगडीएवढ्या मोठ्या वेटोळ्यात सैल असावी, सुतळीसारखी घडी घालून नव्हे. सोफा सरकवणं, खिडकी उघडी ठेवून बघणं, एवढं तुमचं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

लॉसचा दिवा लाल असेल. पॉवर मायनस २७ च्या पलीकडे असेल. बाहेरचं पिंग अडखळत असेल. वायर लावूनही राउटरपाशी वेग नसेल. यातलं काहीही असलं तर तुमचं काम संपलं.

फायबरची हिरवी पिन काढून आत बघू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. टोक साडीच्या पदराने किंवा रुमालाने पुसू नका, एक धुळीचा कण किंवा ओरखडा पुरतो. आणि खांबावर किंवा गच्चीच्या कठड्यावर चढून वायर ओढू नका. आमच्या वायरी पुष्कळ ठिकाणी विजेच्या खांबांवरूनच जातात. कुठलाही सिनेमा त्याच्या मोलाचा नाही.

रोज नऊ ते अकरा, वायरवरही, पॉवर चांगली असूनही वेग कोसळत असेल आणि पहाटे पूर्ण मिळत असेल, तर बाहेर गर्दी आहे. एका फायबरच्या साधारण अडीच गिगाबिटांत बत्तीस, कधी चौसष्ट घरं असतात, आणि त्यापुढची लाइनही सगळ्यांची एकच. हे फक्त तुमचा इंटरनेट पुरवणारा सोडवू शकतो. तीन दिवस रात्री दहा आणि पहाटे सहाच्या टेस्टचे फोटो काढा, तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. तोंडी ‘बघतो’वर फोन ठेवू नका. नंबर असूनही काम झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तिथे हा नंबर लागतोच.

फोनवर ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. असं सांगा: ‘रोज सव्वासहाला अडकतं, फोन आणि टीव्ही दोन्हीवर. राउटरपाशी ८०, अडकतं तेव्हा ३. राउटरचं पिंग ठीक, बाहेरचं तुटतं. पॉवर मायनस २८, लॉस लुकलुकतो. अडॅप्टर बदलून पाहिला.’ एवढं कळलं की येणाऱ्याला शिडी आणि जोड मारायचं मशीन घ्यायचं की नुसता राउटर, हे ऑफिसातून निघतानाच ठरवता येतं, आणि तो दुपारी न येता सव्वासहाला येतो.